लाकडी ठसे आणि मलमलीचे झगे

बालवाङ्मयाचा इतिहास लिहिणारे बहुधा कवी आणि कथाकार यांच्यापासून आरंभ करतात, आणि चित्रकाराची पाळी आली म्हणजे त्याच्या पदरात एखादा परिच्छेद टाकून मोकळे होतात. परंतु इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे रंगीत बालपुस्तक उदयाला आले, ते लेखकाच्या मेजावर घडले त्याहून अधिक ठसे कोरणाऱ्यांच्या कारखान्यात आणि प्रकाशकाच्या खतावणीत घडले, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून केट ग्रीनवे हिचे चरित्र नीट उमगत नाही. तिच्या चित्रांतील झालरीच्या टोप्या घातलेल्या, फुलांच्या ताटव्यांमधून शिस्तीने चालणाऱ्या मुली पाहून रसिकांना निष्पाप बाल्याचा साक्षात्कार होतो. होवो बापडा. मला मात्र त्या चित्रांत दोन धंदे दिसतात : एक बापाचा, लाकडावर ठसे कोरण्याचा, आणि दुसरा आईचा, मुलांचे कपडे शिवून विकण्याचा.

केटचा जन्म १७ मार्च १८४६ रोजी लंडनच्या हॉक्सटन भागात झाला. तिचा बाप जॉन ग्रीनवे हा ‘पंच’ आणि ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ यांसारख्या नियतकालिकांसाठी ठसे कोरीत असे. छायाचित्रे छापण्याची सोय अद्याप झालेली नव्हती, तेव्हा वृत्तपत्रातील प्रत्येक चित्र बॉक्सवुड नावाच्या अतिकठीण लाकडावर हाताने कोरावे लागे; आणि त्या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक लहान तुकडे मळसूत्रांनी एकत्र कसून, प्रसंगी ते पुन्हा सुटे करून निरनिराळ्या कारागिरांत वाटून, रातोरात काम उरकण्याचा प्रघात होता. अशा पेशात कीर्ती चित्रकाराची आणि डोळे कारागिराचे जात. जॉनने एकदा पदरच्या हिमतीवर मोठे काम अंगावर घेतले. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’च्या नव्या आवृत्तीसाठी ठसे कोरण्याचा करार करून त्याने बायकामुलांना नॉटिंगहॅमशायरमधील रोलस्टन गावी नातलगांकडे धाडले आणि स्वतः निवांतपणे कामाला बसला, परंतु प्रकाशकाचे दिवाळे वाजले आणि मजुरी बुडाली.

या आपत्तीतून घर वर काढले ते केटच्या आईने. एलिझाबेथ ग्रीनवे हिने इस्लिंग्टन येथे दुकान थाटून मुलांचे पोशाख विकण्यास प्रारंभ केला. गिऱ्हाईक सुखवस्तू होते, दुकान चालले, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुटुंबाचा संसार स्थिरावला. इकडे रोलस्टनच्या मुक्कामात मुलीने काय साठवले, तर ज्या खेड्यात लंडनची नवी चालरीत उशिरा पोचे, तेथील जुन्या घाटाचे पोशाख, शेतकऱ्यांचे चुणीदार अंगरखे, कुंपणाकडेची फुले. पुढे जगभर गाजलेली ‘ग्रीनवे-पोशाखा’ची तऱ्हा म्हणजे वस्तुतः आजीच्या पिढीचे, त्या शतकाच्या आरंभीचे, छातीखाली आवळलेले लांब मलमली झगे होत, तिने त्यांची कल्पना केली नव्हती, ते तिने पाहिले होते, आणि आईच्या दुकानात कापड कसे बेतावे हे शिकल्यामुळे ते तिला कागदावर जितके रेखता येत तितकेच सुईदोऱ्यानेही उभे करता येत. चित्रासाठी बसविलेल्या मुलांच्या अंगावरचे झगे ती बहुधा स्वतःच शिवी. तिच्या चित्रातील कोणतीही बाही निरखून पाहावी : चुण्या कोठे धरल्या आहेत, शिवण कोठून उतरली आहे, हे शिंप्यालाही सांगता येईल.

बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे नाव फिन्सबरी येथील चित्रशाळेत दाखल झाले. ही शाळा साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी पद्धतीने चाले; हेन्री कोल प्रभृतींनी आखलेल्या त्या अभ्यासक्रमाचा हेतू कलावंत निपजविण्याचा नसून कारखान्यांना नक्षीकार पुरविण्याचा होता, आणि म्हणून विद्यार्थ्यांनी भूमितीच्या आकृत्या, वेलबुट्ट्या आणि फरशांवरील नक्षी यांच्या नकला वर्षानुवर्षे उतरवाव्यात असा दंडक असे. हीच पद्धत पुढे मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत आली. १८६५ साली तेथे अध्यापक म्हणून रुजू झालेला लॉकवुड किपलिंग हा साउथ केन्सिंग्टनमध्येच काम करून आलेला होता. आमच्याकडील शाळांतून चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या आणि समद्विभाग वेलपत्ती घोटून कंटाळलेल्या वाचकाला केटच्या त्या वर्षांची कल्पना सहज येईल. केटला त्या नक्षीबद्दल पदकेही मिळाली. मात्र मानवी देहाचा जिवंत अभ्यास स्त्रियांना तेथे बंद होता. १८७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उघडलेल्या स्लेड चित्रशाळेने तो दरवाजा स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने खुला केला, आणि केट तेथे दाखल झाली खरी, पण तोवर तिची पंचविशी उलटली होती आणि हात नक्षीला सरावला होता. उणीव राहिली ती राहिलीच.

पोटासाठी तिने आरंभी शुभेच्छापत्रे काढली. बेलफास्टच्या मार्कस वॉर्ड या पेढीसाठी काढलेल्या तिच्या एका चित्राच्या २५ हजार प्रती काही आठवड्यांत खपल्या, आणि तिच्या हाती त्यापायी सुमारे तीन पौंड आले, असे तिचे चरित्रकार नमूद करतात. ठोक रकमेला चित्र विकून टाकायचे आणि हक्क सोडायचा, हा त्या धंद्याचा दस्तूरच होता.

तो दस्तूर मोडला एडमंड इव्हान्स याने. फ्लीट स्ट्रीटलगत रॅकेट कोर्टात छापखाना चालविणारा हा गृहस्थ जॉन ग्रीनवेचा उमेदवारीच्या काळातील सोबती. स्वस्त कादंबऱ्यांची भडक वेष्टणे छापून त्याने धंदा उभारला, पण रंगाची जाण अशी की वॉल्टर क्रेन आणि रँडॉल्फ कॉल्डकॉट या दोघांची बालपुस्तके त्याच्याच हातून निघाली. १८७७च्या सुमारास केटची चित्रे आणि सोबतची तिचीच बाळबोध पद्ये त्याच्यासमोर ठेवण्यात आली, तेव्हा त्याने ती घेऊन टाकली. मूळ चित्र तो छायाचित्रणाने लाकडावर उतरवी, रेषांचा मुख्य ठसा कोरवून घेई, आणि त्याचे ओले छाप इतर ठोकळ्यांवर घेऊन तांबडा, निळा, पिवळा, कातडीच्या छटेचा, असा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरवी. एकच कागद यंत्राखालून तितक्याच वेळा जाई, आणि दरवेळी केसभरही न सरकता बसला पाहिजे, नाहीतर गालाचा गुलाबी रंग टोपीवर चढावयाचा. जलरंगाची हलकी छटा लाकडाकडून वदवून घेण्याचे हे कसब इतके सूक्ष्म होते की केटच्या यशातील निम्मा वाटा त्या अनामिक कोरक्यांचा म्हटला तरी अतिशयोक्ती होणार नाही. आणि त्या वर्गातलाच एक तिचा बाप होता.

‘अंडर द विंडो’ हे पुस्तक १८७९ साली रूटलेज यांच्यामार्फत प्रसिद्ध झाले. सहा शिलिंग किमतीच्या बालपुस्तकाच्या २० हजार प्रती एकदम छापण्याचे इव्हान्सने ठरविले तेव्हा प्रकाशकांनी त्याची चेष्टा केली. परंतु दुसऱ्या आवृत्तीचे छापकाम उरकण्यापूर्वीच पहिली संपली, मधल्या काळात प्रती चढ्या भावाने विकल्या गेल्या, आणि छपाई पुढे ७० हजारांपर्यंत चालू राहिली. त्याहून महत्त्वाची बाब कराराची. इव्हान्सने तिला नफ्यात हिस्सा दिला, आणि तो पुढे निम्म्यापर्यंत गेला. तीन पौंडांवर बोळवण झालेल्या बाईला जमाखर्चात भागीदार करून घेणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ‘मदर गूज’ (१८८१), ‘मॅरिगोल्ड गार्डन’ (१८८५), ‘अ अ‍ॅपल पाय’ (१८८६), ब्राउनिंगच्या काव्यावरील ‘पाइड पायपर’ (१८८८) आणि १८८३ पासून दरसाल निघणारी चिमुकली पंचांगे यांच्या उत्पन्नावर तिने हॅम्पस्टेडमधील फ्रॉग्नल येथे नॉर्मन शॉ या विख्यात वास्तुविशारदाकडून घर बांधवून घेतले, आणि १८८५ साली आईबापांसह ती तेथे राहावयास गेली.

कीर्तीबरोबर उचलेगिरीही आली. चिनी मातीच्या बशा, भिंतीचे कागद, बाहुल्या, हातरुमाल यांवर तिची मुले झळकू लागली, आणि त्यांपैकी पुष्कळशा मालाबद्दल तिला कवडीही मिळाली नाही. लंडनच्या लिबर्टीच्या दुकानात तिच्या धर्तीचे झगे विकले जाऊ लागले. फ्रान्समध्येही या पोशाखाचे वेड पसरले. इस्लिंग्टनच्या दुकानातून कागदावर गेलेला कपडा असा फिरून दुकानातच आला, मात्र या खेपेस गल्ला दुसऱ्याचा होता.

तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठी व्यक्ती म्हणजे जॉन रस्किन. १८८० साली त्याने तिला पहिले पत्र लिहिले, १८८२च्या अखेरीस भेट झाली, आणि १८८३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्याने तिची मुक्तकंठाने स्तुती केली. इंग्लंडातील सर्वश्रेष्ठ कलासमीक्षकाची शिफारस ही कोणत्याही सनदेहून मोलाची खरी. पण शिफारशीबरोबर हुकूमही आले. पाय नीट काढ, पाने-दगड निसर्गातून अभ्यास, अशी फर्माने सुटू लागली, आणि ती बिचारी पुस्तके बाजूला सारून त्यांची तामिली करू लागली. पायांबाबत तो खरे बोलत होता, हे मान्य केले पाहिजे. झग्याखाली देह आहे असे तिची चित्रे पाहून क्वचितच वाटते. परंतु रस्किनची बालिकांविषयीची आसक्ती आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारी आहे, आणि केटच्या एकनिष्ठेचा मोबदला त्याने लहरीनुसार दिला किंवा दिला नाही. आजाराने त्याची लेखणी गळाल्यावरही, जानेवारी १९०० मध्ये त्याचा अंत होईपर्यंत, ती त्याला लिहीत राहिली.

कलावंत म्हणून तिला कॉल्डकॉटच्या पंक्तीला बसविणे मला जमत नाही. त्याचा घोडा धावतो, कुत्रा भुंकतो, म्हातारा पडतो आणि आपण हसतो. केटची मुले पडत नाहीत, मळत नाहीत, भांडली तरी झग्याची इस्तरी मोडत नाही. पण पानावरील मोकळी जागा कशी राखावी, चार आकृतींची रांग मजकुराभोवती कशी फिरवावी, हे तिच्याइतके त्या काळी थोड्यांनाच साधले. फरशीवरची नक्षी घोटून घेणाऱ्या फिन्सबरीच्या मास्तरांचे ऋण येथे मान्य करावे लागते.

१८९० नंतर वारे फिरले. बाप १८९० साली गेला, आई १८९४ साली. १८९२ साली इव्हान्स कारखाना मुलांच्या स्वाधीन करून निवृत्त झाला, आणि लाकडी ठशांची जागा छायाचित्रणाच्या नव्या प्रक्रिया घेऊ लागल्या. मूळ चित्रांची प्रदर्शने भरवून, तैलरंगातील व्यक्तिचित्रांचा खटाटोप करून तिने दिवस काढले. १८९७चे पंचांग शेवटचे ठरले. ६ नोव्हेंबर १९०१ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने फ्रॉग्नलच्या घरीच तिचा अंत झाला.

१९५५ साली इंग्लंडच्या ग्रंथालय-संघाने उत्तम बालचित्रकारासाठी तिच्या नावाचे पदक ठेवले. पहिल्या वर्षी परीक्षकांना एकही पुस्तक त्या योग्यतेचे आढळले नाही, तेव्हा पदक कोणालाच मिळाले नाही. पुढील वर्षी ते एडवर्ड आर्डिझोन याला देण्यात आले. सुमारे पासष्ट वर्षे हे नाव चालले, आणि २०२३ पासून सदर पदक कार्नेगी याच्या नावाने दिले जाऊ लागले. त्या पोलादवाल्या दात्याने ग्रंथालये पुष्कळ बांधली, याबद्दल वाद नाही. मुलांसाठी त्याने कधी एखादी रेघ ओढल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.