रिमोटच्या लहरी, हवेतलं गायरान

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "शेजारी बटण दाबतात आणि बेल आमच्या घरात वाजते, असं कसं?" त्याचीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

दारातलं बटण आणि आतली बेल यांच्यात तार नसते. निरोप रेडिओलहरींवरून जातो, आपला हा कार्यक्रम तुमच्यापर्यंत येतो तसाच. आपल्या एफएमच्या लहरी सेकंदाला ९-१० कोटी वेळा हेलकावतात. अशा बेलच्या, दिव्यांच्या अनेक रिमोटच्या लहरी ४३ कोटींहून जास्त वेळा, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झवर.

पूर्वी या लहरींवर सरकारचा कडक पहारा होता. १९३३च्या कायद्यानं परवान्याशिवाय वायरलेस यंत्र जवळ ठेवणं गुन्हा ठरलं. नुसता रेडिओ ऐकायचा तरी आपल्या आज्या-आजोबांना पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पुढे २००५मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आणि २०१२मध्ये ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी ताकदीच्या यंत्रांसाठी विनापरवाना खुले झाले. म्हणून आज रिमोटसाठी पोस्टात जावं लागत नाही.

हे पट्टे गावच्या गायरानासारखे आहेत. कुणीही यावं, पण कुंपण घालू नये. दुसऱ्याची लहर आडवी आली तरी तक्रार चालत नाही.

मग आपला निरोप ओळखायचा कसा? अमेरिकेत गाड्यांच्या शेडचे दरवाजे रिमोटनं उघडू लागले, तेव्हा सुरुवातीला एकाच्या रिमोटनं दुसऱ्याचा दरवाजा उघडायचा. मग प्रत्येक रिमोटला सांकेतिक आकडा दिला. तो आकडा हवेतून चोरता येतो हे कळल्यावर, १९९०च्या दशकात दर वेळी बदलणारा आकडा आला.

स्वस्त बेलमध्ये आकडा ठरलेलाच असतो. शेजारच्या बेलशी तो जुळला, की आपली बेल वाजते. बेल चुकून वाजली तर हसून सोडता येतं. दार उघडलं तर? म्हणून फाटकाचा किंवा कुलपाचा रिमोट घेताना दुकानदाराला जरूर विचारा, "याचा कोड दर वेळी बदलतो का?"

आणि घरात रेडिओच्या परवान्याचं जुनं पुस्तक सापडलं, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आम्हाला ते पाहायचंय.