गाजर गवत आणि मेक्सिकन भुंगा : दोन परकीयांच्या नावांचा इतिहास

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळावर असो की गोदाकाठच्या काळ्या रानात, मृगाचा पाऊस पडताच बांधावर व पडीक जमिनीत गाजर गवत माजते. त्याच्या पानांवर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगा हा त्याचा शत्रू होय. दोघेही मूळचे अमेरिका खंडातील. परंतु मराठी भाषेने त्यांचे स्वागत सारखे केलेले नाही.

वनस्पती न बोलावता आली. १९५१ साली ती पुण्यात आढळली व १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. लोकांनी तिला आपल्याच शब्दभांडारातून नावे दिली. पाने गाजरासारखी म्हणून ‘गाजर गवत’. फुलांवरून ‘पांढरी फुली’, ‘चटक चांदणी’. शास्त्रदृष्ट्या ती सूर्यफुलाच्या कुळातील, गवत नव्हेच. पण खुरप्याखाली येणारे ते सारे गवत, हा शेतकऱ्याचा न्याय.

‘काँग्रेस गवत’ हे नाव मात्र इतिहास सांगू पाहते. काँग्रेसच्या राजवटीत पी. एल. ४८० च्या अमेरिकी गव्हाबरोबर हे बी आले, असे कोणी सांगतात. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे हे नाव पडले, असे दुसरे म्हणतात. तो कायदा १९५४ चा व भारताशी झालेला करार १९५६ चा. वनस्पती त्यापूर्वीच पुण्यात होती. इतकेच नव्हे, तर रॉक्सबर्गच्या १८१४ च्या कलकत्ता येथील उद्यानसूचीतही तिचे नाव आहे. एका नावाच्या दोन उपपत्ती प्रचलित असणे हेच लोकव्युत्पत्तीचे लक्षण होय. अशा नावातून लोकांची समजूत कळते, बियाण्याचा मार्ग नव्हे.

भुंग्याची कथा निराळी. तो १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला रीतसर आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ साली सोडण्यात आला. अळी व भुंगा दोन्ही अवस्थांत तो या वनस्पतीची पाने खातो. कोरड्या ऋतूत मातीत सुप्त राहतो. मराठीत तो आला तो कृषिखात्याच्या पत्रकांतून. म्हणून त्याचे नाव म्हणजे केवळ मूळ देशाचा शिक्का.

ज्याने अंगाला खाज सुटते व दमा जडतो, त्याला लोकांनी चार नावे दिली. जो निमूटपणे उपयोगी पडतो, त्याला एकही नाही. हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. ओळखीचे नाव नसलेला कीटक शेतात सहज ‘कीड’ ठरतो आणि किडीवर फवारणी होते. एकेका झाडाला हजारो बिया धरणाऱ्या शत्रूपुढे असा सोबती गमावणे परवडणारे नाही.