हैती : एका घराण्याची हुकूमशाही आणि ख्रिस्तसभा

अकोल्याच्या जुन्या शहरातील असदगड आपल्याला बादशाही व निजामी अमलाची आठवण करून देतो. त्या काळी सत्ता वारसाने चाले. रयतेला कोणी विचारीत नसे. परंतु विसाव्या शतकात, मतदानाने मिळालेले राष्ट्राध्यक्षपद पित्याने पुत्राच्या हाती सोपविले, असे कॅरिबियन समुद्रातील हैती या कॅथलिकबहुल देशात घडले.

गुलामांच्या उठावातून १८०४ साली स्वतंत्र झालेल्या या देशात सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. फ्रान्स्वा दुवालिए निवडून आले. खेड्यांत रोगनिवारणाचे कार्य केलेल्या या डॉक्टरांना लोक 'पापा डॉक' म्हणत. १९६४ मध्ये ते तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. 'तोंतों माकूत' या त्यांच्या सशस्त्र दलाने विरोधकांचा छळ केला. हजारो लोक मारले गेले वा परागंदा झाले.

ख्रिस्तसभाही यातून सुटली नाही. १९६० मध्ये आर्चबिशप प्वारिए यांना व १९६४ मध्ये येशूसंघीयांना देशाबाहेर घालविण्यात आले. पुढे १९६६ च्या करारान्वये बिशपांच्या नेमणुकीत दुवालिए यांना अधिकार मिळाला. त्यानंतर अनेक वर्षे ख्रिस्तसभेचा आवाज क्षीण राहिला, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

१९७१ च्या आरंभी राज्यघटना बदलून राष्ट्राध्यक्षासाठी वयाची अट १८ वर्षांवर आणण्यात आली. एप्रिलमध्ये पित्याचे निधन होताच १९ वर्षांचा ज्याँ-क्लोद तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला.

९ मार्च १९८३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हैतीच्या भूमीवरच, येथे परिवर्तन झाले पाहिजे, असे निर्भयपणे सांगितले. श्रद्धावंतांना धीर आला. लहान ख्रिस्ती समूह आणि 'रेडिओ सोलेय' हे ख्रिस्तसभेचे नभोवाणी केंद्र गरिबांची व्यथा मांडू लागले. नोव्हेंबर १९८५ मध्ये गोनाईव्ह येथे गोळीबारात तीन विद्यार्थी ठार झाले आणि देशभर असंतोष उसळला. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी ज्याँ-क्लोद फ्रान्सला पळून गेला; २९ वर्षांची घराणेशाही संपली.

२०११ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले. पण निकालापूर्वीच, २०१४ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. पीडितांना न्याय मिळाला नाही.

मताचा अधिकार एकदा वापरून भागत नाही, तो जपावा लागतो. ख्रिस्तसभेचे बळही राजकृपेत नसून सत्य बोलण्यात आहे. हैतीच्या दुःखी जनतेसाठी आपण प्रार्थना करू या.