ठिपक्यांचीं हाडें

१८९५ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला व जिवंत मनुष्याचीं हाडें पाहण्याची सोय झाली. पुढें, जें शोधावयाचें नव्हतें तेंहि दिसूं लागलें. १९०५ मध्यें स्टीडा यांनीं, आणि १९१५ मध्यें हांबुर्गचे आल्बर्स-शेनबर्ग यांनीं, हाडांतील विलक्षण पांढऱ्या ठिपक्यांचें वर्णन केलें. या अवस्थेस ‘ऑस्टिओपॉयकिलोसिस’ म्हणतात.

हे बारीक ठिपके सांध्यांजवळ, लांब हाडांच्या टोकांस, मनगटांत व कटिभागांत दोन्ही अंगांस सारखे विखुरलेले असतात. बहुधा ते दुखत नाहींत. पडल्याझडल्यावर छायाचित्र काढलें म्हणजेच उघडकीस येतात. परंतु कर्करोग हाडांत पसरला असतांहि कधीं कधीं असेच ठिपके दिसतात; ओळख चुकली तर धडधाकट मनुष्याच्या घरावर भयाची छाया पडते. ही ठेवण पुष्कळदां पिढीजात असते, व तिच्या मुळाशीं असलेला जनुकांतील दोष २००४ मध्यें सांपडला. तिला औषधाची गरज नाहीं.

आल्बर्स-शेनबर्ग यांस मात्र त्याच किरणांनीं दगा दिला. त्यांच्या दाहानें त्यांना एक हात गमवावा लागला, व १९२१ मध्यें त्यांचा अंत झाला. क्ष-किरणांस बळी पडलेल्यांचें जें स्मारक हांबुर्ग येथें १९३६ मध्यें उभारलें गेलें, त्यावर त्यांचें नांव आहे. आज ठिपके पाहून ‘भिण्याचें कारण नाहीं’ असें वैद्य सांगूं शकतो, त्यांत त्यांच्या श्रमांचा वांटा आहे.