दुरून मुंबई साजरी

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईचा चाकरमानी येऊन ओटीवर टेकला की कोकणातल्या घरात जी धांदल उडे, ती जुन्या पिढीतील वाचकांना वर्णन करून सांगायला नको. गड्याने डोक्यावरून आणलेली पत्र्याची ट्रंक सर्वांच्या देखत उघडायची. तीतून आईसाठी लुगडे, वडिलांसाठी तपकिरीची डबी, बहिणीसाठी काचेच्या बांगड्या आणि पोरांसाठी रंगीत गोळ्या निघत. अंगात परीटघडीचा सदरा, केसांना वासाचे तेल. पोरे भोवती कोंडाळे करून बसत आणि विचारीत, "दादा, ट्रॅम केवढी असते हो?" दादा ट्रॅमचे वर्णन करी, राणीच्या बागेतल्या वाघाचे करी, चौपाटीवरच्या गर्दीचे करी. एका गोष्टीविषयी मात्र तो चकार शब्द काढीत नसे. ती म्हणजे, आपण रात्री झोपतो कुठे!

मुंबईचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. सात बेटे, पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात दिलेले आंदण, कोट, गोदी, आगगाडी हे सारे त्यात आहे. पण मोठ्या आशेने या नगरीत येऊन ज्यांची घोर निराशा झाली, त्यांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. लिहिणार तरी कसा? ज्याची निराशा झाली त्याने ती कोणाला सांगितलीच नाही. तरीसुद्धा ती अगदीच नाहीशी झालेली नाही. सरकारच्या खानेसुमारीत, घरभाड्याच्या कायद्यात आणि संपांच्या हकिगतींत तिचा माग लागतो. सणासुदीच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या मनीऑर्डरींवर कित्येक घरांतल्या दिवाळ्या साजऱ्या झाल्या, त्यांची आठवण काढायला दिवाळीहून चांगला दिवस कोणता?

मुंबईचे मराठीतले पहिले विस्तृत वर्णन गोविंद नारायण माडगांवकर यांनी लिहिले. 'मुंबईचे वर्णन' हा त्यांचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की हे माडगांवकर मूळचे गोव्याचे. म्हणजे मुंबईचे हे कौतुकही बाहेरून आलेल्या माणसाच्याच लेखणीतून उतरले. ज्या वर्षी ग्रंथ निघाला त्या वर्षी मुंबईत खरोखरच सोन्याचा धूर निघत होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर तर जमीन दिसण्यापूर्वीच चढत्या भावाने विकले जाऊ लागले. शेटजींच्या पेढीपासून कारकुनाच्या बिऱ्हाडापर्यंत सर्वांना शेअरचे वेड लागले. ही कीर्ती ऐकून घाटावरून आणि कोकणातून माणसांचे लोंढे आले. १८६४ साली शिरगणती झाली, तेव्हा मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली.

पुढच्याच वर्षी युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेटजींच्या दिवाळखोरीच्या कथा सर्वांनी लिहून ठेवल्या. ज्याला पाट्या वाहण्याचेही काम उरले नाही त्याची कथा कोण लिहितो? ती एका आकड्यात आहे. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ निघाली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांची घट! लोक आले तसे परत गेले. सोन्याचा धूर पाहायला आलेल्यांच्या डोळ्यांत नुसताच धूर गेला.

मुंबई दुसऱ्यांदा ओसरली ती प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना ही साथ प्रथम ओळखता आली. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, गावाकडे निघाली. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ साली ७,७६,००६ वर आली. आता एवढी अद्दल घडल्यावर माणसाने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. पण १९११ चा आकडा पाहावा, तर तो ९,७९,४४५!

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. शहरात फसून पुन्हा शहरातच जाणाऱ्याला आपण मोहात पडलेला, भोळा म्हणतो. मला ते खरे वाटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला कुळवाडी मुंबई पाहून भुललेला नव्हता. त्याच्या पाठीमागे काय होते ते पाहिले पाहिजे. वरकस जमीन, चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांची काळजी. त्यात खोती. शेत कसायचे कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या घरी. खोती नष्ट करावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. ती कायद्याने गेली १९४९ साली. तोवर कुळापुढे वाट एकच होती आणि ती बंदरावर जाऊन बोटीत चढत होती. १९२१ च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत होती. सबंध शहरात शंभरातली ऐंशीहून अधिक माणसे बाहेर जन्मलेली, आणि हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. या शेवटच्या आकड्यात किती घरे दुभंगलेली आहेत याचा हिशेब वाचकांनी मनाशीच करावा.

मुंबईला उतरल्यावर काय होई? दाव्हर यांनी १८५४ साली ताडदेवला गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबागपासून वरळीपर्यंत धुराड्यांचे रान उठले. पण गिरणीत जाताच काम मिळे असे नाही. पहाटे भोंगा व्हायच्या आधी फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर जॉबर बोट दाखवून ज्याला निवडील त्याने आत जायचे. याला म्हणत बदली. जॉबरची मर्जी राखण्यासाठी त्याची दस्तुरी देणे आले. काम मिळाले तरी पगार महिना संपल्यावरही कित्येक दिवसांनी होई. म्हणजे पहिला रुपया हातात पडेपर्यंत दीड महिना उधारीवर काढायचा. वाण्याची वही उघडे, पठाणाचे व्याज सुरू होई आणि ट्रंकेतले लुगडे पुष्कळदा त्याच कर्जातून आलेले असे.

कित्येकांची निराशा याहून खोल होती. शहरात जातपात कोणी विचारीत नाही, या आशेने जे आले त्यांना गिरणीच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. पगार बरा तो या खात्यातच. गावच्या पाणवठ्यावरचा विटाळ यंत्रापर्यंत येऊन पोचला होता! स्वतः परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हे गाऱ्हाणे उघडपणे पुढे मांडले. तेव्हा मालकांशी भांडणाऱ्यांनाही आपल्या घरातली ही गोष्ट ऐकून घ्यावी लागली.

आता खोलीचे. मुंबईत भाकरी मिळेल पण खोली मिळायची नाही, ही म्हण काही उगीच पडली नाही. दहा-बारा फुटांची एक खोली. तीत एका गावची दहा-पंधरा माणसे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर पडणार. बाहेर गॅलरीत आणि जिन्याखाली आणखी काही बिछाने. जेवण खानावळीत. बाई कुणाची तरी विधवा बहीण नाहीतर काम सुटलेल्या गड्याची बायको असायची. तिने थापलेल्या भाकरीवर गिरणगावाची एक पिढी पोसली गेली.

सरकारने उपाय केले नाहीत असे नाही. प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले. रस्ते खरोखर चांगले झाले. पण जुनी घरे आधी पाडली गेली, नवी मागाहून आणि कमी झाली. जो निघाला तो शेजारच्या गर्दीत जाऊन पडला. पुढे १९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवून मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत ठरला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे मिळून सोळा हजारांच्या वर खोल्या झाल्या. याच त्या बी.डी.डी. चाळी. प्रत्येक खोली एकशे साठ चौरस फुटांची. आणि झाले काय? भाडे मजुराला झेपेना, वरळी त्या वेळी गिरणीपासून आडबाजूला, बाजारहाट जवळ नाही. फुटपाथवर माणसे झोपत होती आणि वरळीच्या चाळीत कित्येक वर्षे पुष्कळशा खोल्या रिकाम्या होत्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही कैद्यांना ठेवायला त्या उपयोगी पडल्या. ज्याला बोलावून आणले त्याला घर परवडत नाही, आणि ज्याला पकडून आणले त्याला मात्र ते फुकट. मुंबईच्या घरांचा न्याय असा आहे!

भाडे वाढू नये म्हणून १९१८ साली कायदा झाला, पुढे १९४७ साली अधिक कडक झाला. ज्याला खोली होती त्याला त्याने तारले. ज्याला नव्हती त्याच्यापुढे पागडी उभी राहिली.

दिवाळीचीही एक हकिगत या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरण्यांनी काही वर्षे कामगारांना बोनस दिला. गड्यांनी तो हक्काचा मानला आणि त्यावर घरच्यांनी मनसुबे रचले. १९२३ साली मालकांनी तो बंद केला. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोचत नाही. मार्चमध्ये संप मोडला. त्या वर्षी किती गावांत मनीऑर्डर पोचली नसेल आणि पोस्टमनची वाट पाहून किती आया घरात गेल्या असतील, त्याची नोंद कोणत्याच अहवालात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सगळे भोगलेला माणूस ओटीवर बसून ट्रॅमचे वर्णन का करी? खोटेपणा म्हणून? नव्हे. आईने खोलीविषयी ऐकले असते तर तिला घास गेला नसता. धाकट्या भावाला खरे कळले असते तर तो गावातच राहिला असता, आणि गावात तर दोघांपुरते पिकत नव्हते. शिवाय लाज. शेजारच्या घरचा मुलगा वर आला आणि आपणच कमी पडलो, असे प्रत्येकाला वाटे. शेजारचा मुलगाही ट्रंकच उघडून दाखवीत होता, हे त्याला कुठे ठाऊक! अशा रीतीने लाखो माणसांचे एकच दुःख लाख ठिकाणी एकेकट्याचे होऊन राहिले.

ज्या ठिकाणी ते बोलले गेले, तिथे मात्र त्यातून काहीतरी उभे राहिले. गावकीच्या खोलीत महिन्याची वर्गणी जमू लागली. कोणी आजारी पडला तर औषध, कोणी गेला तर क्रियाकर्म, काम सुटलेल्याला दोन महिने फुकट पथारी. त्याच वर्गणीतून कित्येक गावांत शाळा आणि देवळाचा सभामंडप उभा राहिला. खानावळवाल्या बायकांनी १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवले. युनियन झाल्या, भजनी मंडळे झाली, रात्रशाळा झाल्या. मुंबईने दिले नाही ते या लोकांनी एकमेकांना दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर ते गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाही. धुराड्यांच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. एकशे साठ फुटांच्या ज्या खोल्या एके काळी ओस पडल्या होत्या, त्यांच्या जागी पाचशे फुटांची घरे बांधून २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना किल्ल्या देण्यात आल्या. शंभर वर्षांनी का होईना, कोणाची तरी आशा फळाला आली हे चांगले झाले.

पण गाडीतून रोज नवी माणसे उतरतच आहेत. ट्रंक गेली, हातात फोन आला; त्यावर समुद्राचे आणि रोषणाईचे फोटो घरी येतात. पलंगाएवढ्या जागेचे भाडे किती आणि त्या खोलीत आणखी किती जण, ते फोटोत येत नाही. या दिवाळीला आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी मुंबईहून आली, की फराळाचे ताट पुढे ठेवून "कसं चाललंय?" असे आपण विचारूच, आणि "छान चाललंय" असे उत्तरही येईल. तेवढ्यावर उठू नये. थोडे थांबून, शेजारी कोणी नसताना, "झोपतोस कुठे रे?" एवढे विचारावे. आणि त्याने खरे सांगितले तर त्याला उपदेश करू नये. ताटात आणखी एक करंजी वाढावी आणि ऐकत बसावे.