परीक्षक कोणाच्या यादीतला?

प्रबंधाचा परीक्षक निःपक्षपाती असावा, हे सगळेच म्हणतात. पण पक्षपात शिरतो कुठून, हे बघायचं तर आपल्या तत्त्वज्ञानाच्याच क्षेत्रातलं एक जुनं प्रकरण घेऊ.

कलकत्ता विद्यापीठात प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून एक मानाची शिष्यवृत्ती दिली जाई. (हे प्रेमचंद आपल्या मुंबईचे. राजाबाई टॉवरलाही पैसा त्यांचाच.) जदुनाथ सिन्हा यांनी त्या शिष्यवृत्तीसाठी प्रबंध सादर केला. परीक्षकांत सर्वपल्ली राधाकृष्णन होते. १९२७ मध्ये राधाकृष्णन यांच्या ‘इंडियन फिलॉसॉफी’चा दुसरा खंड आला आणि १९२९ च्या सुरुवातीला सिन्हांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधून जाहीर आरोप केला, की माझ्या प्रबंधातला मजकूर या ग्रंथात आहे. राधाकृष्णन यांचं म्हणणं असं, की दोघांचे संस्कृत आधारग्रंथ एकच, तेव्हा मांडणी सारखी दिसणारच. दावे-प्रतिदावे कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि १९३३ मध्ये तडजोडीने मिटले. न्यायालयाने खरं-खोटं ठरवलंच नाही, म्हणून आपणही इथे बसून ते ठरवू नये.

आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं आहे: प्रबंध अप्रकाशित, आणि तो ज्याच्या टेबलावर, तोही त्याच विषयावर लिहितो आहे. अशा वेळी सिन्हांचं खरं असेल तर तरुण अभ्यासकाची कित्येक वर्षांची मेहनत गेली. राधाकृष्णन यांचं खरं असेल तर निष्कारण बट्टा लागला, आणि तो धुऊन काढायला साधन नाही. नेमणूक करतानाच ‘तुम्ही याच विषयावर काही लिहिताय का?’ एवढं लेखी विचारलं असतं तर?

मग विषयाशी संबंध नसलेलाच माणूस नेमावा का? तसा माणूस मिळेल, पण त्याला प्रबंध कळणार नाही. न्याय-मीमांसेचे मूळ ग्रंथ वाचू शकणारे किती? जे आहेत ते एकमेकांचे गुरुबंधू तरी, नाहीतर प्रतिस्पर्धी तरी.

मतभेद असणारा परीक्षक मात्र टाळायचं कारण नाही. डॉ. आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध लंडनमध्ये पहिल्या फेरीत मान्य झाला नाही. सुधारून दिल्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. आंबेडकरांची बरीच टीका आपल्याला पटत नाही, हे कॅनन त्यात उघड लिहितात आणि तरीही विचारांच्या ताजेपणाची दाद देतात. न पटणारा प्रबंध कसा वाचावा, हे तिथे शिकावं.

आता आपल्याकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान दोन बाहेरचे परीक्षक लागतात. ते त्या संस्थेच्या नोकरीत नसावेत. शक्य तिथे एक परदेशातला. ठीक. पण नावं सुचवतं कोण? बऱ्याच ठिकाणी आम्ही मार्गदर्शक मंडळीच. आम्ही यादी द्यायची, कुलगुरूंनी त्यातल्या दोन नावांवर खूण करायची. मग तुमचा विद्यार्थी आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे, असं साटंलोटं सुरू होतं. कागदावर परीक्षक बाहेरचाच असतो. शिवाय त्याच नियमांत मार्गदर्शक स्वतःही मूल्यमापन करणाऱ्यांत आहे. ब्रिटनमध्ये आज सहसा त्याला परीक्षक होता येत नाही. आपल्याकडे ही तरतूद काढावी म्हटलं की पहिला विरोध मार्गदर्शकांचाच होतो.