टाकी, वंगण आणि लेसर

वंगण हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बैलगाडीखाली बांबूचा एक नळा लटकत असे. त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या असत. चाक कुरकुरायला लागलं की ते थोडं बाहेर ओढायचं आणि आखाला वंगण चोपडायचं. ही कुरकूर म्हणजे नुसता आवाज नव्हे. लोखंड लोखंडाला खात असे, त्याची ती तक्रार. ऐन सुगीत आख झिजून गाडी बसली, तर ज्वारी रानातच राहायची आणि लोहाराचा खर्च वर.

मी आयुष्यभर भाषा आणि इतिहास शिकवला. यंत्रांशी माझा संबंध तसा वाचनापुरताच. पण मध्यंतरी एक गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जाईना. बेअरिंगचा पृष्ठभाग आधी काचेसारखा गुळगुळीत करतात आणि मग लेसरने त्यावर मुद्दाम हजारो बारीक खळगे पाडतात. त्यामुळे म्हणे झीज कमी होते! गुळगुळीत वस्तू खडबडीत केली तर ती जास्त झिजायला हवी ना? या कोड्याच्या मागे लागलो तेव्हा एक छान इतिहास हाती आला.

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पुढे ही छोटी गाडी येडशी, ढोकी करत 1911 साली लातूरला पोहोचली. धाराशिव शहर त्या रुळावर नव्हतंच. शहरात रेल्वे आली ती 2007-08 मध्ये मार्ग रुंद झाला तेव्हा. त्या जुन्या काळी रेल्वेच्या डब्यांना आजच्यासारखी रोलर बेअरिंग नसत. डब्याचा भार धातूच्या एका अर्धगोल आधारावरून आखावर येई आणि खाली तेलात भिजलेला सुताचा बोळा आखाला तेल पुरवी. म्हणजे आपल्या गाडीवानाच्या चिंध्याच की! तेल आटलं की आख तापून लाल व्हायचा.

आता गंमत पाहा. बार्शीची गाडी सुरू होण्याच्या चौदा वर्षं आधी, 1883 साली, इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे गृहस्थ रेल्वेच्या अशाच आखावर प्रयोग करत होते. आखाचा खालचा भाग तेलात बुडवलेला होता. वरून तेल सोडावं म्हणून त्यांनी आधाराला एक भोक पाडलं, तर आत जाण्याऐवजी तेलच त्यातून वर येऊ लागलं. बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही ढकलली गेली. शेवटी दाबमापक जोडला. आखावरचा सरासरी दाब चौरस इंचाला 100 पौंड होता, पण काटा 200 च्याही पुढे गेला! फिरणारा आख स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे दाब वाढतो आणि त्या दाबावर सगळा भार तरंगतो, हे यातून उमगलं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये त्याचं गणित मांडलं.

म्हणजे यंत्र वेगात असताना धातूला धातू लागतच नाही. झीज होते ती मुख्यतः यंत्र सुरू होताना, थांबताना, फार हळू फिरताना किंवा तेल कमी पडल्यावर. घराघरांतसुद्धा जास्त भांडणं अशा वेळीच होतात, असो.

आपल्याकडे मोट गेली आणि ऑइल इंजिन आलं. किर्लोस्करांनी 1946 मध्ये ऑइल इंजिनसाठी पुण्यात वेगळी कंपनी काढली आणि विहिरीवर त्या इंजिनाची ठकठक ऐकू येऊ लागली. या इंजिनाच्या मिस्त्रीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सिलिंडरचा लायनर आतून आरशासारखा चकचकीत करायचा नाही. होनिंग करून त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा ठेवायच्या, म्हणजे तिथे तेल टिकतं. अगदी गुळगुळीत भिंतीवर तेल ठरतच नाही. लेसरच्या खळग्यांचं मूळ असं इथे आहे.

1966 साली हॅमिल्टन, वॅलोविट आणि ॲलन या तिघांनी पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचसखलपणामुळे तेलाचा थर भार पेलू शकतो, असा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांचा अहवाल आला. घर्षण आणि झीज नीट आवरली तर देशाचे वर्षाला सुमारे 51 कोटी पौंड वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. लेसरचा शोध 1960 चा. या सगळ्याची सांगड इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या इझाक एट्सियन यांनी घातली. 1996 मध्ये त्यांनी यांत्रिक सीलवरच्या अशा खळग्यांचं गणित प्रसिद्ध केलं.

हे खळगे किती मोठे? साधारण केसाच्या जाडीएवढे रुंद आणि जेमतेम काही मायक्रॉन खोल. प्रत्येक खळगा तीन कामं करतो. वेग असला की तो टॉवरच्या आखासारखाच एक छोटासा दाब निर्माण करतो. तेल कमी पडलं तर साठवलेलं तेल पुरवतो. आणि झिजून निघालेला कण पोटात घेतो, म्हणजे तो इतरत्र चरे पाडत नाही. पण अतिरेक चालत नाही. खळगे फार खोल किंवा फार दाट झाले, चुकीच्या जागी पडले, तर तेलाचा थर उलट मोडतो. लेसरने वितळलेल्या धातूची कड खळग्याभोवती उभी राहते, ती घासून काढली नाही तर तीच समोरच्याला ओरबाडते.

मला आठवलं ते जातं. जात्याची पाळी गुळगुळीत झाली की दाणे नुसतेच घसरतात, म्हणून टाकीवाल्याकडून ते टाकवून घ्यायचं. साखर कारखान्यात उसाच्या रोलरलाही असेच खाचे आणि खडबडीतपणा ठेवतात, ऊस पकडीत यावा म्हणून. पण त्याच रोलरच्या टोकांच्या बेअरिंगला मात्र घसरणंच हवं असतं. म्हणजे एकाच आखावर एके ठिकाणी टाकी पकडण्यासाठी आणि दुसरीकडे सोडण्यासाठी! घाव तोच, हेतू वेगळा.

हे सारं आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात आता बोअरमधली पाणबुडी मोटर हा शेतकऱ्याचा श्वास आहे. तिच्या आतली बुश आणि थ्रस्ट बेअरिंग बहुतेक वेळा तेलावर नव्हे, पाण्यावरच फिरतात. पाणी तेलापेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे त्याचा थरही नाजूक. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की वाळू येते, मोटर कोरडी फिरते आणि बुश जातात. मग शेकडो फुटांवरून पाइप ओढा, मोटर तालुक्याला न्या, तोवर पीक तहानलेलं. पाण्यावर चालणाऱ्या बेअरिंगवरही अशा खळग्यांचं संशोधन चाललं आहे. ते गावच्या दुकानातल्या मोटरपर्यंत परवडणाऱ्या दरात आलं, तर त्याचं मोल आमच्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. मात्र वाळू गाळणं आणि मोटर कोरडी न चालवणं, ही कामं कुठलाच लेसर करून देणार नाही.

तुमच्या गावाकडे गाडीच्या वंगणात काय काय घालत असत, ते आठवत असेल तर जरूर लिहा. आमच्याकडचं एरंडेल मी सांगितलं. कोकणात, खानदेशात वेगळं असणार.